अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक
ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे मुलांच्या हाती दिले. १९६२ मध्ये पद्मभूषण लाभलेल्या ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. आज नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पहिलीचा वर्ग पायाभूत स्तरात आणून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. पहिलीच्या पाठाची आखणी करताना पुस्तक उघडण्याआधी मुलाचे अंगण पाहावे, हाच ताराबाईंचा वारसा होय.