रमाबाईंनी सोडलं ते काय?

आमच्या वाशिममध्ये १९३८ साली अमेरिकन मिशनने रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. एवढं लांबलचक नाव कोण घेणार! आमच्या आयाबायांच्या तोंडी तो मिशनचा दवाखानाच. नर्सिंगमधून रिटायर झालेल्या एका सिस्टरबाईंशी माझी जुनी ओळख आहे. एका गुड फ्रायडेला मी सहज त्यांच्याकडे गेले. त्यांचा उपास होता आणि योगायोगाने माझाही. मी आपलं विचारलं, तुम्ही आज देवाकडे काय मागता? त्या म्हणाल्या, आज मागायचं काही नसतं. जे द्यायचं ते ख्रिस्ताने स्वतःच्या जिवाने देऊन टाकलं आहे, ते आठवायचं आणि मग आपल्या हातून काय देता येईल ते बघायचं.

मी मान डोलावली. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, मला ते नीटसं कळलं नव्हतं. माझे सोळा सोमवार झालेत, चतुर्थ्या चालू आहेत, देवघरात गजानन महाराज आहेत. आपण आधी देतो आणि मग देव देतो, हाच हिशेब लहानपणापासून अंगवळणी पडलेला. आधी मिळालं म्हणून मग द्यायचं, ही उलटी रीत माझ्या ध्यानात आली ती पंडिता रमाबाई वाचल्यावर. शाळेच्या पुस्तकात रमाबाईंवर दोन-चार ओळी होत्या. विधवांसाठी शारदा सदन काढलं, एवढंच. त्यांची श्रद्धा त्या ओळींतून कुणीतरी अलगद काढून ठेवली होती. ती काढली तर बाई अर्धीच उरते.

रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. कर्नाटकातल्या गंगामूळ नावाच्या रानात वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचा आश्रम होता. शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोक रागावले आणि त्यांनी रानात संसार थाटला. पुढे मुलीलाही आईनेच शिकवलं. रमा सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, ते कायमचंच. देवळात पुराण सांगायचं, मिळेल ते घ्यायचं, त्यातलं दानधर्मात घालायचं आणि पुढच्या क्षेत्री जायचं.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळची पुंजी संपली. दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली. मजुरी करणं पंडिताच्या घराला कमीपणाचं वाटे आणि कामाची सवयही कुणाला नव्हती. देव प्रसन्न होईल म्हणून उपासतापास आणि जपजाप्य चालूच होतं. शेवटी रानातली पानं खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण कृष्णाबाईही गेली. आईला स्मशानात न्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. स्मशान लांब होतं. रमा ठेंगणी, खांद्याला तिरडी पुरेना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली.

हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. सोळा-सतरा वर्षांची पोर! आपल्याकडे त्याग त्याग म्हणतात तो या घराने काय कमी केला होता? होतं नव्हतं ते सगळं देवाच्या नावाने दिलं आणि उपाशी मेलं. रमाबाई पुढे आयुष्यभर भक्ती या शब्दाकडे जरा कसून बघत राहिल्या, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

भावाबहिणीने देशभर पायपीट केली. १८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोचली. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी बघून तिथले विद्वान थक्क झाले आणि पंडिता व सरस्वती या पदव्या तिला मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. चोविशीही पूर्ण नाही आणि पदरात दहा महिन्यांचं लेकरू. तिथून त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्री-धर्मनीती हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्याच विक्रीच्या पैशातून १८८३ मध्ये इंग्लंडचं तिकीट काढलं. जायचं होतं डॉक्टर व्हायला. कानाने साथ दिली नाही, ऐकू कमी येत होतं. डॉक्टरकी राहिलीच.

वाँटेज गावच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परक्या मुलखात, हाताशी लहान मूल. काय झालं असेल मनाचं! २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या मठाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर चालवलं होतं. ते काम रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. वाट चुकलेल्या बाईला हाकलण्याऐवजी जवळ घेणारा धर्म, हे त्यांना नवीन होतं, आणि तिथेच त्या ओढल्या गेल्या.

पण मुकाट्याने मान तुकवणारी ही बाई नव्हे. मठातल्या गुरूबाईंशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. पटल्याशिवाय एकेक तत्त्व मान्य करायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. ख्रिस्ती झाल्या तरी मांसाहार केला नाही तो नाहीच. भक्ती म्हणजे आज्ञापालन, असं आपल्याला माहेरी आणि सासरीही शिकवतात. रमाबाईंची भक्ती तशी नव्हती, आणि मला तर त्या इथेच फार आवडतात.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तिकडेच व्याख्यानं देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते भराभर खपलं. बोस्टनला त्यांच्या नावाची मदत मंडळी उभी राहिली आणि तिने दहा वर्षं पैसे देण्याचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. अगदी सुरुवातीच्या मुलींमध्ये गोदूबाई होत्या. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, बाया कर्वे. सदन पुढच्या वर्षी पुण्याला हललं.

सदनात धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडं असे. हळूहळू मुली येऊन बसू लागल्या. झालं! पुण्यात गहजब उठला, केसरीने झोडपलं. दार लावून घ्या, असं सांगून पाहिलं, पण त्या ऐकेनात. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी बाजूने उभी असलेली माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. मला इथे दोन्ही बाजू कळतात. विधवा लेकीला शिकायला पाठवणारे बाप तेव्हा मुळात थोडे, त्यांना आपली पोर हातची जाईल ही भीती वाटली तर त्यात नवल नाही. आणि स्वतःच्या खोलीचं दार देवासाठी का लावायचं, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नाही. पुण्यातला मान, पाठीशी उभे असलेले मोठे लोक, हे सगळं मात्र त्या उघड्या दारापायी गेलं.

याच सुमाराला, १८९१ च्या आसपास, त्यांच्या मनात मोठी उलथापालथ झाली होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झालेली. तेव्हा त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही. विद्या, नेम, सत्कर्म, या सगळ्यांच्या जोरावर आपण देवापुढे लायक ठरू पाहतो आहोत. म्हणजे वडिलांचाच जुना हिशेब, फक्त देव बदललेला! क्रुसावरचं बलिदान एकदाच झालं आणि ते आपल्यासाठी फुकट झालं, त्यात आपल्याला भर घालायची नाही, हे त्यांनी तेव्हा मनापासून मानलं. माझ्या सिस्टरबाई जे सांगत होत्या ते हेच.

मग असं वाटेल की सगळं फुकट मिळालं तर माणूस स्वस्थ बसेल. रमाबाईंचं उलटंच झालं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणीची भूक पोटात जागीच होती. त्या तिकडे निघाल्या. सरकारी गरीबखान्यांत उपाशी पोरींची अब्रूही सुरक्षित नाही, हे त्यांनी पाहिलं. तिथून त्यांनी जवळजवळ ३०० मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग, तिथे एवढ्या जणींना ठेवता येईना. पुणे-दौंड रस्त्यावर केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तर आपलं वऱ्हाडही होरपळून निघालं. तेव्हा रमाबाईंनी गुजरातेतून शेकड्यांनी बायका आणल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. बोस्टनच्या मदतीची दहा वर्षंही तोवर संपली होती. आज येईल ते आज पुरवायचं आणि उद्यासाठी प्रार्थना करायची, अशी तऱ्हा.

दोन हजार माणसांची चूल, जरा डोळ्यांपुढे आणा! आपल्याकडे भंडाऱ्याला पाचशे पानं उठवताना जीव मेटाकुटीला येतो. आणि नुसतं जेवू घालणं नव्हे. विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. फसवल्या गेलेल्या पोरींसाठी कृपा सदन. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, तिथे मनोरमा ब्रेल शिकवत असे. आलेल्यांत बहुतेक पुढे ख्रिस्ती झाल्या. भुकेल्याला धर्म दिला, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि माझ्या मनातही तो येतो. पण रस्त्यावर पडलेल्या त्या पोरींना उचलायला दुसरं कोण गेलं होतं, हाही प्रश्न त्याच्या शेजारीच येऊन बसतो.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी एका कामाला दिली. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा केडगावच्या अडाणी बायकांच्या डोक्यावरून जाई. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि मुळातून साध्या मराठीत आख्खं भाषांतर केलं. खिळे जुळवले, पानं छापली ती त्यांच्याच मुलींनी. एकेकाळी अक्षरओळख नसलेल्या त्या मुली!

आता मनोरमेचं सांगायलाच हवं. तिचं बालपण आईच्या धावपळीत, मठात आणि बोर्डिंगात गेलं. शिकून ती बी. ए. झाली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, गुलबर्ग्याला शाळा काढली. आईच्या मागे सगळं तीच बघणार, असंच सगळे धरून होते. प्रकृती मात्र नाजूक. २४ जुलै १९२१ ला मिरजेच्या इस्पितळात ती गेली, चाळिशीची. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहीत. बायबलची मुद्रितं तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. आख्खं बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

आमच्या तालुक्यात मी शेतकरी विधवांच्या बचत गटाचं काम बघते. मागच्या महिन्यात बैठक आटोपल्यावर ही गोष्ट मी त्यांना सांगितली. दुष्काळाचं ऐकताना कुणी हललं नाही, तिरडीचं ऐकताना एक-दोघींनी पदर डोळ्याला लावला. शेवटी त्यांच्यातल्या एकीने, जिची स्वतःची मुलगी वसतिगृहात आहे, एकच विचारलं. आई हजारोंची माय झाली तेव्हा त्या मनोरमेला रात्री जवळ कोण घेत होतं? मी काहीतरी सांगायला गेले आणि थांबले. त्याग कुणी केला, आईने की लेकीने, हे मलाच नीट सांगता येईना. पुढच्या बैठकीला मी गुलबर्ग्याच्या शाळेची गोष्ट घेऊन जाणार आहे.