पीएचसीची तक्रार कुणाकडे?

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर तुम्ही गेला असालच. फोटो काढले असतील, भेळ खाल्ली असेल. तिथे ज्यांची समाधी आहे, ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून आपल्याला पाठ आहेत. (एमपीएससीवाल्यांना तर तारखांसकट.) पण गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर जागेवर नसला तर जाब कुणाला विचारायचा, या प्रश्नाशीही त्यांचं नातं आहे.

१२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे इथे त्यांचा जन्म झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. ते लहान असतानाच वडील प्लेगनं गेले. आई विठाईंनी कष्टानं पोरं वाढवली. पुढे भाऊ गणपतरावांना क्षयानं नेलं. यातूनच त्यांना पुढचा कायदा सुचला, असं म्हणणं फारच फिल्मी होईल. पण आजारपण घरात आलं की काय होतं, हे त्यांना फायलीतून कळलेलं नव्हतं.

बेचाळीसची चळवळ, तुरुंग, १९४६ ला आमदारकी आणि १ मे १९६० ला नवं राज्य. मग त्यांनी वसंतराव नाईकांची समिती नेमली, १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपण 'झेडपीची शाळा' म्हणतो, पण झेडपीचा दवाखाना विसरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रं या परिषदांकडे आली, त्यांच्यावर निवडून आलेल्या माणसांची आरोग्य समिती बसली. म्हणजे जाब विचारायला मुंबई गाठायची गरज नाही, साताऱ्याला किंवा सांगलीला गेलं तरी चालेल.

काम अर्धंच झालं, असं मला वाटतं. जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारकडेच राहिलं. त्यामुळे पीएचसीतून सिव्हिलला पाठवलेल्या पेशंटची तक्रार आजही या दारातून त्या दारात फिरते.

२५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव दिल्लीत गेले. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. डॉक्टरांची सेवा त्यात येते, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये सांगितलं, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते दवाखाने वगळून. नुसत्या केसपेपरच्या पैशानं कुणी ग्राहक होत नाही, हेही सांगितलं. खासगी हॉस्पिटलचं बिल घेऊन तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता. पीएचसीबाहेर रांगेत बसलेल्या आजीला ती वाट नाही. तिच्या हातात उरतो तो १९६२ चा रस्ता, म्हणजे आपल्या गटाचा झेडपी सदस्य. तुमच्या गटाचा कोण आहे, नाव माहितीये?