विश्लेषण : डॉ. कोटणीस यांचा युद्धभूमीवरचा विवाह. चिनी लष्करात लग्नासाठी ‘हुद्दा’ का लागायचा?

शिवाजी पार्कहून परळ फार लांब नाही. तिथल्या केईएम रुग्णालयाशी संलग्न सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला सोलापूरचा एक तरुण पुढे चीनमध्ये लष्करी रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि तिथल्याच परिचारिकेच्या प्रेमात पडला. त्याच परळमधल्या राजकमल स्टुडिओच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला. नाव होते ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. मात्र ज्या सैन्यात हे लग्न झाले, तिथे बहुतांश सैनिकांना लग्नाची मुभाच नव्हती. असे का?

डॉ. कोटणीस चीनला का गेले?

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभरातून निधी गोळा झाला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे ते पाच जण. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते.

चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. तरी ते परतले नाहीत. १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले आणि कोटणीस आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले.

दोघांची भेट कशी झाली?

कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून याच सेनेत काम करताना नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले. त्यांच्या समाधीच्या कार्यक्रमात क्वो छिंगलान यांनी कोटणीस यांना पहिल्यांदा पाहिले. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो आणि थोडेफार लिहितोही, याचे त्यांना आश्चर्य वाटले. त्या बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. काम एकाच व्यवस्थेत, पण पदांत मोठे अंतर. १९४१च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले.

लग्नाची अट काय होती?

आठव्या मार्ग सेनेत लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे. त्यासाठी वय, सेवेची वर्षे आणि हुद्दा अशा तीन अटी होत्या. हुद्दा साधारण रेजिमेंट पातळीचा असावा, असा दंडक होता. म्हणजे साध्या शिपायाने प्रेम केले, तरी लग्नाचा मार्ग बंदच. कारण उघड होते. सैन्यात स्त्रिया फार कमी, लढाई सतत सुरू आणि तळ रोज हलणारा. संसार, मुले यांचा भार अशा सैन्याला पेलणारा नव्हता.

पण याची दुसरी बाजूही होती. लग्नाची मुभा फक्त वरच्यांना असली, की मागणी वरून येते आणि नकार देणे खालच्या हुद्द्यावरच्या स्त्रीला जड जाते. आज अनेक देशांची लष्करे थेट हाताखालच्या व्यक्तीशी प्रेमसंबंध ठेवायला मनाई करतात, ती याचसाठी. जो कामगिरी ठरवतो, रजा देतो, आघाडीवर पाठवतो, त्याच्याशी असलेले नाते बरोबरीचे राहील का, हा प्रश्न उरतोच. शिवाय इतरांना पक्षपाताचा संशय येतो, तो वेगळाच.

कोटणीस आणि क्वो यांच्याबाबत मात्र ओढ दोन्हीकडून होती.

पुढे काय झाले?

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळत होती, अपस्माराचे झटके येत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. तोही पुढे वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला.

शांताराम यांच्या चित्रपटात कोटणीस यांची भूमिका स्वतः शांताराम यांनी, तर क्वो यांची जयश्री यांनी केली.  क्वो छिंगलान यांचे आयुष्य मात्र डॉक्टरच्या मृत्यूनंतर जवळपास ७० वर्षे चालले. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये चीनमध्ये त्यांचे निधन झाले. दोघांचा संसार जेमतेम एक वर्षाचा होता.