शेंगदाण्याआधीचा कार्व्हर

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या बॅगेतून इकडेही आलं. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हटलं की आपल्याला शेंगदाणेच आठवतात. मला मात्र ओढ आहे ती त्यांच्या आधीच्या, प्रेअरीवरच्या वर्षांची.

१८६४च्या सुमारास मिसुरीत गुलामीत जन्मलेलं हे आईवेगळं पोर शेजाऱ्यांची आजारी झाडं बरी करायचं. पुढे १८८५मध्ये कॅन्ससच्या हायलंड कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला आणि दारात कातडीचा रंग पाहून नाकारला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी पश्चिम कॅन्ससच्या नेस कौंटीत सरकारी जमीन घेतली. लाकूड मिळणार कुठून? गवताच्या मुळांनी विणलेली माती विटांसारखी कापून घर रचलं, माळ नांगरला. फुलवेडा माणूसच फुलांची जमीन उलथत होता, हे मला जरा टोचतं. पण पोट कुणाला चुकलंय!

त्या कोरड्या माळावर उन्हाळा लागता लागता दोन फुलं ओळखायला सोपी. एक युक्का: घायपातीसारखी पण अरुंद, टोकदार पानं, मधून उभा दांडा आणि त्यावर खाली मान घातलेल्या दुधाळ घंटा. दुसरा आपल्या फड्या निवडुंगाचा ठेंगणा भाऊ, रेशमी पिवळ्या फुलांचा. कार्व्हरनी रंगवलेलं युक्का आणि निवडुंगाचं चित्र १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वाखाणलं गेलं.

तोवर त्यांची वाट बदलली होती. १८९०मध्ये आयोवाच्या सिम्प्सन कॉलेजात ते चित्रकला शिकत होते. काळ्या माणसाचं चित्रांवर भागणार नाही, हे ओळखून शिक्षिका एट्टा बड यांनी त्यांना एम्सच्या शेतकी कॉलेजकडे वळवलं. तिथे त्यांचे वडील फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९४ला पदवी, मग तिथेच पहिले काळे अध्यापक, १८९६ला एम.एस. आणि लगेच अलाबामात टस्कीगी. एक चित्रकार हरवला, असं काहीजण हळहळतात. मला नाही तसं वाटत. फूल रंगवायचं तर पाकळ्या मोजाव्या लागतात, पानाची कड बघावी लागते. वनस्पतिशास्त्र तरी दुसरं काय मागतं? आणि ब्रश त्यांनी पुढेही सोडला नाहीच.

१९४३च्या जानेवारीत ते गेले. आयोवात मूळ प्रेअरी आता हजारातला एक भागही उरलेली नाही. जिथे नांगर पोचला नाही, अशा जुन्या दफनभूमीत नाहीतर रेल्वेच्या कडेला जूनमध्ये शोधावी. मुलांना नेणार असाल तर सकाळीच न्या. तीन निळसर पाकळ्यांचा स्पायडरवर्ट दुपारच्या उन्हात मिटून जातो.