मारुसीचा पाणक्या : स्पिरिडॉन लुईस

मॅरेथॉन हे मुळात एका गावाचे नाव. ग्रीसमध्ये अथेन्सच्या ईशान्येला समुद्राजवळ ते आहे, आणि त्या भागात उगवणाऱ्या बडीशेपेवरून त्याला हे नाव पडले असे मानतात. इ.स.पू. ४९० मध्ये तिथे इराण्यांचा पराभव झाला आणि फिडिपिडीस नावाचा दूत ती बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावला व कोसळला, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. इतिहासाच्या गुरुजनांची क्षमा मागून सांगतो, की हेरोडोटसच्या ग्रंथात ही धाव नाही. त्याचा दूत मदत मागायला स्पार्टाला गेला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. अथेन्सची धाव कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी लिहिली. तरीही शर्यत जन्मली ती याच गोष्टीतून. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने ती सुचवली आणि विजेत्यासाठी चांदीचा चषकही देऊ केला. धावण्याची सर्वांत मोठी शर्यत एका भाषेच्या अभ्यासकाला सुचली, हे आपल्या भाषाशिक्षकांना नक्की आवडेल!

ही शर्यत जिंकणाऱ्या स्पिरिडॉन लुईसचा जन्म १८७३ सालचा, अथेन्सजवळच्या मारुसी गावातला. तेव्हा अथेन्सला घरोघरी नळ नव्हते. मारुसीचे पाणी चांगले, म्हणून लुईसचे वडील ते शहरात नेऊन विकत आणि मुलगा वाहतुकीला मदत करी. धावण्याचे शिक्षण म्हणाल तर त्याला एवढेच. पण सैन्यात असताना त्याच्यावरचे अधिकारी होते पापादियामांटोपूलोस, आणि पुढे ग्रीक धावपटू निवडण्याचे काम नेमके त्यांच्याकडे आले. त्यांनी लुईसला बोलावून घेतले. निवड-शर्यतीत तो पाचवा आला, म्हणजे त्याच्यावर कोणी पैज लावावी असे काही नव्हते.

१० एप्रिल १८९६ रोजी दुपारी दोन वाजता मॅरेथॉन गावाहून १७ जण निघाले. त्यांतले १३ ग्रीक. अंतर सुमारे ४० किलोमीटर, रस्ता धुळीचा आणि चढाचा. फ्रान्सचा लेर्मुझ्यो सुसाट पुढे गेला. लुईस मागेच होता. वाटेत पिकेर्मी गावात थांबून त्याने पेलाभर वाइन घेतली आणि पुढच्यांना गाठतो असे लोकांना सांगितले, अशी आख्यायिका आहे. (आपल्यातल्या ज्यांनी साठीनंतर हाफ मॅरेथॉनचा नाद लावून घेतला आहे, त्यांनी हा प्रयोग करू नये.) बत्तीस किलोमीटरच्या आसपास लेर्मुझ्योने शर्यत सोडली. मग ८०० आणि १५०० मीटर जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक पुढे झाला. लुईसने त्याला गाठले, आणि फ्लॅकही थकून कोसळला.

इकडे स्टेडियममध्ये ग्रीक प्रेक्षक हिरमुसले होते. थाळीफेक हा त्यांचा हक्काचा खेळ, तोही एक अमेरिकन घेऊन गेला होता. अशा वेळी आपला माणूस पुढे असल्याची वर्दी आली. लुईस आत शिरताच दोन्ही राजपुत्र त्याच्याबरोबर शेवटपर्यंत धावले. वेळ लागला २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद. दुसरा आलेला वासिलाकोसही ग्रीकच. तिसराही ग्रीक ठरला होता, पण त्याने काही अंतर घोडागाडीतून कापल्याचे उघड झाले आणि ते स्थान हंगेरीच्या केलनरला मिळाले. स्त्रियांना शर्यत खुली नव्हती. स्तामाता रेविथी नावाची एक गरीब बाई दुसऱ्या दिवशी एकटीच तो रस्ता धावली. तिचे पुढे काय झाले याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. मला लुईसच्या विजयाइतकीच ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

राजाने हवे ते माग म्हटल्यावर लुईसने पाणी वाहायला एक गाडी मागितली, असे सांगतात. तो गावी परतला आणि पुन्हा कधी स्पर्धेत धावला नाही. शेती केली, पुढे गावात पोलिसाची नोकरी केली. १९२६ मध्ये लष्करी कागदपत्रांत फेरफार केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. वर्षाहून अधिक काळ तो तुरुंगात होता आणि १९२७ मध्ये निर्दोष सुटला. ज्याच्या नावाने ग्रीक भाषेत पळून जाण्याला ‘लुईस होणे’ असा वाक्प्रचार रुळला, त्याची पन्नाशी गजाआड गेली.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ग्रीक पथकात त्याला मानाचे स्थान मिळाले. पारंपरिक पोशाखात त्याने ऑलिंपियाहून आणलेली ऑलिव्हची फांदी, शांततेची खूण, हिटलरच्या हाती दिली. मार्च १९४० मध्ये लुईस वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इटलीने ग्रीसवर हल्ला केला आणि पुढच्या वसंतात जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरले.

शर्यत मात्र जगभर गेली. बॉस्टनने १८९७ पासूनच ती सुरू केली. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले, ते १९२१ मध्ये कायम झाले. आपल्याकडचा धागाही जुना आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचे मनावर घेतले, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुणे मॅरेथॉन १९८३ पासूनची.

मारुसी आता अथेन्सचेच उपनगर आहे. २००४ च्या ऑलिंपिकचे मुख्य स्टेडियम तिथलेच, आणि त्याला नाव आहे स्पिरोस लुईसचे. ब्रेआलचा तो चषक २०१२ मध्ये लंडनला लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. एका ग्रीक प्रतिष्ठानाने तो विकत घेतला.