हॅलो टाइप करा, मग बघू

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. विषय मात्र सगळ्या हॉस्टेलच्या जिव्हाळ्याचा आहे, प्रोग्रॅमिंगची केटी.

माझी रूममेट सिव्हिलची. पायथनमध्ये दोनदा उडाली. मी कॉम्प्युटरची, म्हणून शिकवायला बसले आणि डेटा टाइप्सच्या व्याख्यांपासून सुरुवात केली. अर्ध्या तासात बाईसाहेब झोपल्या. तिचं म्हणणं एवढंच, की तिला प्रोग्रॅमर व्हायचं नाही, बीमचं गणित सोडवून हवंय. मला राग आला. मग जॉन केमेनी यांच्याबद्दल वाचलं आणि तो राग माझ्यावरच उलटला.

केमेनी १९२६ साली बुडापेस्टला ज्यू कुटुंबात जन्मले. हिटलरचं सावट वाढलं तसं १९४० साली वडिलांनी घर न्यूयॉर्कला हलवलं. आजोबा हट्टाने मागे राहिले, ते वाचले नाहीत. प्रिन्स्टनला शिकताना मध्येच लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर गेले. तिथे पंचकार्डांच्या मशीनवर रात्रंदिवस गणितं चालायची. पुढे ते आइन्स्टाइन यांचे गणितातले असिस्टंट झाले. (आइन्स्टाइननाही गणितात मदत लागायची हे वाचून मला फार बरं वाटलं!)

१९५३ साली ते डार्टमथ कॉलेजात आले. तिथली बहुतेक मुलं इतिहास, साहित्य, समाजशास्त्रवाली. केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांचा हट्ट असा, की यांनाही कॉम्प्युटर हाताळता आला पाहिजे, लायब्ररीतलं पुस्तक घ्यावं तितक्या सहज. तेव्हाच्या फोरट्रानमध्ये लूप लिहायचा तर कोणता आकडा कोणत्या स्वल्पविरामानंतर, हे पाठ करावं लागे. यांनी सरळ फॉर, टू, स्टेप असे शब्द ठेवले. पूर्णांक वेगळा, अपूर्णांक वेगळा ही भानगडच काढून टाकली. म्हणजे मी पहिल्या रात्री जे शिकवत बसले होते नेमकं तेच! मशीनशी बोलायला हॅलो टाइप करायचं. भाषेचं नाव बेसिक.

सिस्टिमचं बरंचसं काम कॉलेजच्या पोरांनीच केलं. १ मे १९६४ला पहाटे चार वाजता केमेनी आणि एक विद्यार्थी शेजारशेजारच्या टर्मिनलवर बसले, दोघांनी एकदमच रन दिलं आणि दोघांनाही बरोबर उत्तरं आली. मग गणिताच्या वर्गात दोन-तीन लेक्चर्स, की मुलं थेट टर्मिनलवर.

जाणकारांनी बेसिकला शिव्याही भरपूर दिल्या. गोटूमुळे वाईट सवयी लागतात म्हणे. ते खरंही आहे. शाळेत सातवीत मी क्यूबेसिक केलं, अजून माझे प्रोग्रॅम शेवयांसारखे असतात. पण पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हाचा आनंदही तिथलाच.

१९७० ते ८१ ते डार्टमथचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात, १९७२ साली, तिथे मुलींना रीतसर प्रवेश मिळू लागला. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीच्या अपघाताची चौकशीही १९७९ साली त्यांच्याकडेच होती. एवढं असूनही शिकवणं सोडलं नाही. २६ डिसेंबर १९९२ला गेले.

परवा रूममेटला म्हटलं, व्याख्या मरू देत, तुझा बीम काढ. रात्री दीडला बेंडिंग मोमेंटचं उत्तर आलं, तेव्हा तिने अख्ख्या विंगला उठवलं. रेक्टर मॅडमपण उठल्या, त्यांची माफी मागते. केटीचा पेपर गुरुवारी आहे.