पंडिताबाईंचे कान आणि बार्तीमयाचे घर

वर्ध्यात राहणाऱ्याला अपंगसेवेची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचा हा पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेला आला, तेव्हा गांधीजींनी त्याला आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्याची शुश्रूषा केली. पलीकडे दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. या क्षेत्रात ख्रिस्ती मिशनरी आपल्या कितीतरी आधी पोहोचले होते, हे गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमात मोकळ्या मनाने नोंदवून ठेवले आहे.

ते खरेच आहे. पण दवाखाना काढणे वेगळे आणि रविवारच्या उपासनेत अधू माणसाला शेजारी बसवून घेणे वेगळे. हा फरक मला कळला तो माझ्या आत्यामुळे. आमच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चमध्ये ती वर्षानुवर्षे पहिल्या बाकावर बसत असे. साठीनंतर तिला ऐकू येईनासे झाले. पाळकांचे प्रवचन समजेना, गीताचे कडवे चुकू लागले, शेजारणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आत्या आधी मागच्या बाकावर गेली आणि मग घरीच बसली. मंडळीतल्या कोणी तिला जा म्हटले नव्हते, पण का येत नाहीस असेही कोणी विचारले नाही. त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला काढले आणि आधीच्या वाचनात नुसतीच डोळ्यांखालून गेलेली एक गोष्ट या वेळी मनात रुतली. रमाबाईंनाही कमी ऐकू येत असे.

त्यांचे सारे बालपण कानांवर उभे होते. २३ एप्रिल १८५८ चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने लेकीला. भागवताचे हजारो श्लोक मुलीने ऐकून ऐकूनच पाठ केले. तीर्थक्षेत्री पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर गुजराण करायची, असा हा फिरता संसार होता. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले.

पुण्यात आर्य महिला समाज काढल्यावर रमाबाईंच्या मनाने घेतले की डॉक्टर व्हायचे. पुरुष डॉक्टरकडे जाता येत नाही म्हणून बायका मरतात, हे त्यांनी पाहिले होते. दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांच्या अधू होत चाललेल्या कानांनी घात केला. वैद्यकाचे दार बंद झाले. रुग्णाच्या छातीचे ठोके ज्या बाईला ऐकू येत नाहीत, तिला डॉक्टर कोण करणार? त्यांच्या बाप्तिस्म्यावर आपल्याकडे ढिगाने लिहिले गेले आहे. ज्या कारणासाठी त्या सातासमुद्रापलीकडे गेल्या, ते कानांमुळे हुकले, याचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो.

त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनींशी त्यांचे सिद्धान्तावरून बरेच खटके उडाले. पटल्याशिवाय कोणाचेही ऐकायचे नाही, हा त्यांचा बाणा होता, आणि त्याचा कानांशी काही संबंध नव्हता! चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी शिकता शिकता संस्कृत शिकवले. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेत गेल्या. आपल्याला हुकलेली पदवी दुसरी मराठी मुलगी घेताना पाहून त्यांना काय वाटले असेल? अमेरिकेत त्यांनी बालवाडीची फ्रोबेलची पद्धत अभ्यासली. मुलांच्या हाताला वस्तू देऊन शिकवायची ही पद्धत, आणि हातांनी शिकण्याचे हे सूत्र पुढे केडगावला वेगळ्याच रीतीने कामी आले.

मुंबईला १८८९ मध्ये शारदासदन सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले आणि धर्मांतराच्या वादात सापडले. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पुढे १८९६ चा दुष्काळ पडला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्याच प्रांताच्या उत्तर भागात रमाबाई गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुली व बायकांना सोडवून आणले. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला मुक्तिसदन वसले. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजाराच्या पुढे गेली.

दुष्काळ माणसाला मारतो, तसा अधूही करून सोडतो. सकस अन्न नाही म्हणून डोळे जातात, देवीच्या साथीत जातात. अशा अंध, वृद्ध, दुबळ्या बायकांनाही रमाबाईंनी आपल्या घरात जागा दिली. वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीतिसदन झाले, अंधांसाठी बार्तीमी सदन. बार्तीमय हा शुभवर्तमानातला यरीहोचा आंधळा भिकारी. तो रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारतो, तेव्हा लोक त्याला गप्प बसवतात. येशू थांबतो आणि त्याला बोलावून घेतो. हे नाव निवडताना रमाबाईंच्या डोळ्यांपुढे त्याला गप्प करणारी गर्दीही असावी, असे मला वाटते.

इथे मनोरमाबाई पुढे आल्या. त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना शिकवली. भारतीय भाषांसाठी समान ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडले, यावरून त्या काळी हे काम किती अवघड असेल याची कल्पना यावी. मुंबईत मिस अ‍ॅना मिलार्ड यांची अंधशाळाही १९०० चीच. पण ती शाळा होती आणि मुक्ती हे घर होते. वेगवेगळ्या सदनांतल्या बायका तिथे एकाच प्रार्थनागृहात जमत. ब्रेल येणाऱ्या मुलीला पवित्र शास्त्र वाचून दाखवायला दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नसे, ती बोटांनी वाचून इतरांना ऐकवू शके. स्वयंपाक, शेती, विणकाम, छपाई, सारे बायकाच करीत, आणि जिला जे जमेल ते काम तिला मिळे. सगळ्यांच्या वर जी बाई होती, तिला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हते.

शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. या कामाला डोळे लागत आणि चिकाटी लागे, कानांची गरज नव्हती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, आईच्या आधी. तरी काम थांबले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिताबाईंनी डोळे मिटले. मुक्तीच्या छापखान्यातून ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

हे सारे मी आत्याला मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले. तिने चष्मा लावून दोनदा वाचले आणि मला विचारले, आपल्या चर्चच्या त्या तीन पायऱ्यांना कठडा कधी बसणार? गुडघेही आता कुरकुरतात.